वाढप्याच्या डोक्यावर हात

जळगाव-धुळ्याकडच्या मोठ्या पंगतीत एक क्षण हमखास येतो. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी घेऊन वाढपी पुढे सरकत असतात, पहिल्या ओळीत तुपाचा दुसरा फेरा सुरू झालेला असतो, आणि मांडवाच्या पार टोकाकडून हाक येते, "ओ दादा, इकडे बट्टी आलीच नाही!" वाढप्यांनी हे मुद्दाम केलेलं नसतं. पंगत सुरू होते ती यजमानाच्या ओळखीच्या माणसांपासून. टोकाला बसलेल्या परगावच्या पाहुण्यांपर्यंत पोचेस्तोवर बादलीचा तळ दिसायला लागतो. पण पानावर हात धरून बसलेल्या माणसाला ही कारणं पटत नाहीत. यजमान आपल्याला विसरला, एवढंच त्याला कळतं. अशा वेळी शहाणा यजमान वाढप्यांवर ओरडत बसत नाही. तो त्या टोकाच्या ओळीतल्याच दोन पोरांना उठवतो, त्यांच्या हातात बादली आणि ओगराळं देतो आणि सांगतो, "ही बाजू आता तुम्ही सांभाळा."

धुळ्यात, भुसावळात किंवा नंदुरबारात एखाद्या चर्चच्या उपासनेला गेलात, तर पाळकसाहेबांच्या जोडीला काही माणसं काम करताना दिसतील. कोणी दानाची थैली फिरवतं, कोणी आजाऱ्याच्या घरी जाऊन येतं, कोणी प्रभुभोजनाची तयारी करतं. अनेक मंडळ्यांत त्यांना 'सेवक' किंवा 'डिकन' म्हणतात. त्यांची नेमणूक होते तेव्हा त्यांना सगळ्यांसमोर गुडघे टेकायला सांगतात, डोक्यावर हात ठेवतात आणि प्रार्थना करतात. बाहेरून पाहणाऱ्याला कोडं पडतं. नाव चाकराचं, मान पुढाऱ्याचा, हे कसं? आणि थैली फिरवणाऱ्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवायची गरज काय?

या कोड्याचं उत्तर मिळतं ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चुकलेल्या पंगतीत.

एक धर्म, दोन भाषा

हा प्रसंग यरुशलेम शहरातला, येशूच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या काही वर्षांतला. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तो अवघ्या सात वचनांत सांगितला आहे. येशूचे अनुयायी झपाट्याने वाढत होते आणि गरिबांसाठी रोजच्या अन्नाची सोय सामायिक निधीतून होत होती. त्यात तक्रार उठली, की ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय.

दोन्ही गट यहूदीच होते. फरक भाषेचा आणि तिच्यासोबत येणाऱ्या रीतीभातींचा होता. एक गट स्थानिक, घरात अरामी बोलणारा. दुसरा गट परदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आणि ग्रीक हीच मातृभाषा झालेल्या लोकांचा. मराठी बायबलमध्ये त्यांना 'हेल्लेणी यहूदी' म्हटलं आहे. उतारवयात पवित्र नगरीत येऊन राहावं, तिथेच देह ठेवावा, अशी यांच्यातल्या अनेकांची इच्छा असे, असं अभ्यासक मानतात. नवरा आधी गेला, की मागे उरायची ती परक्या शहरातली एकटी बाई. तिथे ना भाऊ, ना दीर, ना बाजारातली भाषा धड येणारी.

खानदेशातल्या माणसाला हे समजायला फार लांब जावं लागत नाही. इथे चाळीस-पन्नास किलोमीटरवर बोली बदलते. रावेर-यावलकडे लेवा बोली, अमळनेर-धुळ्याकडे अहिराणी, शिरपूरच्या डोंगरात पावरी, नवापूरकडे मावची. पाड्यावरची पावरी बोलणारी म्हातारी निराधार योजनेचा कागद घेऊन तालुक्याच्या कचेरीत रांगेत उभी राहते, तेव्हा तिला कोणी हाकलत नाही. पण 'उत्पन्नाचा दाखला' म्हणजे काय हे तिच्या बोलीत सांगणारं तिथे कोणी नसतं, आणि संध्याकाळी ती तशीच परत जाते. वाटपाच्या यादीतून माणसं बहुतेक वेळा अशीच गळतात.

नावं बघा

येशूने निवडलेल्या बारा प्रेषितांपुढे दोन सोपे मार्ग होते. तक्रार दाबून टाकायची, किंवा स्वतःच बादली हातात घ्यायची. त्यांनी तिसराच मार्ग धरला. सगळ्या शिष्यांना एकत्र बोलावलं आणि सांगितलं, की देवाचं वचन सोडून आम्ही पानं वाढत बसणं ठीक नाही. तुम्हीच तुमच्यातले सात जण निवडा. अटी तीनच होत्या. लोकांत नाव चांगलं असावं, माणूस पवित्र आत्म्याने भरलेला असावा आणि त्याला शहाणपण असावं. लोकांनी निवडलेल्यांना नेमायचं काम प्रेषितांनी आपल्याकडे ठेवलं.

सातच का? यहूदी इतिहासकार योसेफस लिहितो, की यहूद्यांना नियमशास्त्र देणाऱ्या मोशेने प्रत्येक नगरावर सात जण नेमायला सांगितलं होतं. म्हणजे गावकारभार पाहणाऱ्या मंडळाचा हा ओळखीचा आकडा असावा. आपल्याकडच्या ग्रामपंचायतीतही सदस्य कमीत कमी सातच लागतात.

निवडून आलेली नावं अशी: स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि नीकलाव. मराठी बायबलमधलं 'प्रखर' हे नाव वाचून आपल्याकडच्या कोणालाही तो आपलाच वाटेल, पण मूळ नाव 'प्रोखोरोस' आहे. सातही नावं ग्रीक. नीकलाव तर जन्माने यहूदीही नव्हता. तो अंत्युखिया शहरातून आलेला, यहूदी धर्म स्वीकारलेला माणूस होता. निव्वळ नावावरून माणसाची भाषा ठरत नाही हे खरं. बारा प्रेषितांतही फिलिप आणि अंद्रिया ही ग्रीक नावं आहेतच. तरीही सातपैकी सात ग्रीक नावं निघावीत, याचा सरळ अर्थ मला असा दिसतो, की ज्यांच्या ओळीत बट्टी पोचली नव्हती, बादली त्यांच्याच माणसांच्या हातात दिली गेली. बहुसंख्य गटाने अर्ध्या-अर्ध्या जागा मागितल्या नाहीत. या सगळ्या हकिगतीत मला सर्वांत मोठी वाटते ती हीच गोष्ट.

आता शब्दाकडे पाहू. ग्रीक भाषेत 'डियाकोनिया' म्हणजे सेवा आणि 'डियाकोनोस' म्हणजे ती करणारा, उदाहरणार्थ पंगतीत वाढणारा. या अध्यायात अन्नवाटपासाठी 'डियाकोनिया' वापरला आहे, आणि दोनच ओळींनंतर प्रेषितांच्या उपदेशाच्या कामासाठीही तोच शब्द येतो. अन्न वाढणं हीही सेवा आणि वचन सांगणं हीही सेवा. जॉन कॉलिन्स या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने 1990 साली या शब्दावर अख्खा ग्रंथ लिहून दाखवलं, की 'डियाकोनोस'मध्ये हलक्या कामापेक्षा दुसऱ्याच्या वतीने काम करण्याचा अर्थ जास्त आहे. पंगतीतला वाढपीही यजमानाच्याच वतीने वाढतो. म्हणून तर तो चुकला की बोल यजमानाला लागतो.

वर झालेला हात

या सात जणांच्या आधी एकदा प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकून माणूस निवडला होता. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या रिकाम्या जागी मत्थिया आला तो चिठ्ठीने. सात जणांच्या वेळी मात्र चिठ्ठीचा उल्लेख नाही. लोकांनी निवडलं, एवढंच सांगितलं आहे.

निवडीसाठी ग्रीकमध्ये 'खेइरोतोनिया' असा एक शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ हात लांबवणे, हात वर करणे. अथेन्स शहराच्या सभेत नागरिक हात वर करून मत देत, तिथला हा शब्द. यरुशलेममधल्या गरिबांसाठी जमवलेली रक्कम तिथे न्यायची होती, तेव्हा प्रेषित पौलासोबत जाणारा माणूस मंडळ्यांनी निवडला, आणि त्या निवडीला पौलाने हाच शब्द वापरला आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला लिहिलेली 'डिडाखे' नावाची एक छोटी पुस्तिका आहे, मंडळी कशी चालवावी हे सांगणारी. तीही मंडळ्यांना सांगते, की आपले अध्यक्ष आणि सेवक तुम्ही स्वतः निवडा. क्रियापद तेच. पुढे काही शतकांत याच शब्दाचा अर्थ सरकला आणि 'खेइरोतोनिया' म्हणजे दीक्षाविधी, असं ग्रीक चर्चमध्ये रूढ झालं. लोकांचा वर झालेला हात आणि धर्मगुरूंचा खाली आलेला हात एकाच शब्दात राहायला आले.

डोक्यावरचा हात

आपल्याकडे डोक्यावर हात म्हटलं की आशीर्वाद आठवतो. आजी परीक्षेला निघालेल्या नातवाच्या डोक्यावर हात ठेवते तसा. दीक्षेचा हात मात्र त्याहून जड आहे. जुन्या करारात मोशे आपल्यामागून येणाऱ्या यहोशवाला सगळ्या लोकांपुढे उभं करून त्याच्यावर हात ठेवतो. तिथल्या इब्री क्रियापदाचा अर्थ टेकणं, भार देणं असा आहे.

रानातून गवताचा भारा घेऊन येणाऱ्या बायका पाहिल्या असतील. अर्ध्या वाटेवर एकीने दुसरीचा भारा घ्यायचा ठरला, तर आधी दुसरीच्या डोक्यावर चुंबळ बसवतात. ती नीट बसली ना हे पाहतात, मग दोघींचे हात लावून भारा उतरवतात आणि चढवतात. थोडा वेळ वजन दोघींवर असतं. मान सावरली हे दिसल्यावरच पहिली हात काढते. डोक्यावर हात ठेवण्याचा विधी मला या चुंबळीच्या जवळचा वाटतो. जबाबदारीचा भारा एकाकडून दुसऱ्याकडे जातो तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि देणाऱ्याचा हात त्यात गुंतलेला असतो. म्हणूनच नव्या करारात तीमथ्य या तरुण पुढाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तंबी आहे, की कोणावरही उतावळेपणाने हात ठेवू नकोस, नाहीतर त्याच्या पापात तुझाही वाटा. चुंबळ न पाहता भारा दिला आणि तो पडला, तर दोष दोघींचा.

हात नेमके कोणी ठेवले, यावर मूळ ग्रीक वाक्य थोडं मोघम आहे. लोकांनी सात जणांना प्रेषितांपुढे उभं केलं आणि प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले, अशी ती रचना. हात प्रेषितांचे, हा सर्वमान्य अर्थ. पण व्याकरण सगळ्या जमावाचे हात म्हणायलाही वाव देतं. एका जुन्या हस्तलिखिताच्या लेखकाला हा मोघमपणा खटकला असावा, कारण त्याने हात प्रेषितांचेच हे स्पष्ट होईल असं वाक्य फिरवलं आहे.

---
चौकट: कोण कोण?
*मंडळी* म्हणजे एका ठिकाणच्या विश्वासणाऱ्यांचा समुदाय. *वडील* हे तिचे जाणते कारभारी. *अध्यक्ष* म्हणजे देखरेख करणारा. पुढे याच पदाचा बिशप झाला. *सेवक* किंवा *डिकन* म्हणजे अन्न, निधी आणि माणसं यांची काळजी वाहणारा. *पाळक* हा मराठी शब्द मेंढपाळावरून आलेला. *दीक्षाविधी* म्हणजे प्रार्थना करून आणि हात ठेवून एखाद्याला कामावर नेमणं. सुरुवातीच्या काळात वडील आणि अध्यक्ष यांत फारसा फरक नव्हता.
---

पैशांची थैली आणि घरोघरची पायपीट

सेवक कसा असावा याची यादी तीमथ्याच्या पहिल्या पत्रात आहे. गंभीर असावा, दुतोंडी नसावा, दारूच्या आहारी गेलेला नसावा, पैशाचा लोभी नसावा. आधी त्याची पारख करावी, मगच काम द्यावं. यादी कोरडी वाटते, पण कामाशेजारी ठेवली की तिचं कारण कळतं. सेवक दहा घरांत जातो. या घरातलं त्या घरात सांगणारा दुतोंडी माणूस आठवड्यात मंडळी फोडेल. त्याच्या हातात निधी असतो, म्हणून लोभ नको. यहूदी परंपरेत तर हिशेबाची चोख रीतच होती. गरिबांच्या निधीची पेटी फिरवताना किमान दोघं हवेत आणि वाटताना तिघं, असं इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या ग्रंथात नोंदलं आहे. आपल्या बचत गटांत बँकेतून पैसे काढताना दोघींच्या सह्या लागतात, त्यामागचा विचारही हाच.

हे काम फक्त पुरुषांचं होतं असंही नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल किंख्रियाच्या मंडळीतल्या फिबीची ओळख करून देतो, ती 'डियाकोनोस' म्हणूनच. इ.स. 112च्या सुमारास प्लिनी हा रोमन अधिकारी सम्राट त्राजानला कळवतो, की ख्रिस्ती लोक काय करतात हे काढून घेण्यासाठी मी दोन गुलाम स्त्रियांचा छळ केला. त्या मंडळीत त्यांना सेविका म्हणत, असंही तो सांगतो. बाजारात विकत मिळणाऱ्या दोन बायका, आणि मंडळीत त्यांना पद! तिसऱ्या शतकात सीरियात लिहिलेल्या 'डिडास्कालिया'त स्त्री-सेविका का हव्यात याचं कारण दिलं आहे. काही घरांत पुरुषाने जाणं शोभत नाही, तिथे बाईच लागते. याच पुस्तकात आणखी एक सूचना आहे. उपासनेला एखादा गरीब म्हातारा आला आणि जागा नसेल, तर बिशपने स्वतःची जागा त्याला द्यावी, भले स्वतःला जमिनीवर बसावं लागो.

तिसऱ्या शतकाच्या मध्यावर या कामाचा पसारा किती झाला होता ते रोमच्या बिशप कर्नेलियसच्या पत्रातून दिसतं. त्याच्या मंडळीत 46 वडील होते, आणि पंधराशेहून जास्त विधवा व गरजू माणसं पोसली जात होती. डिकन किती? सात. शहर केवढंही वाढलं तरी यरुशलेमचा आकडा त्यांनी सोडला नव्हता.

वाढपी यजमानाच्या पाटावर

पण थैली हातात असणाऱ्याचा रुबाब वाढतो, तसा यांचाही वाढला. इ.स. 325 साली नायसिया इथे बिशपांची मोठी परिषद भरली. तिच्या अठराव्या नियमात डिकनांना खडसावलं आहे. काही ठिकाणी ते बिशपांच्याही आधी प्रभुभोजन घेतात, वडिलांना ते वाढतात, त्यांच्या रांगेत बसतात, हे थांबवा.

वर झालेला हात मात्र हळूहळू खाली गेला. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन लोकांसमक्ष निवड व्हावी म्हणून आग्रह धरत होता. इ.स. 374 साली मिलान शहरात वाद मिटवायला आलेल्या अंब्रोस या प्रांताधिकाऱ्यालाच लोकांनी बिशप म्हणून उचललं, तेव्हा त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. त्याच चौथ्या शतकात लावदिकियाच्या परिषदेने मात्र धर्मगुरूंची निवड जमावावर सोडू नये असा नियम केला. मतांसाठी दंगली होत होत्या, त्यामुळे नियमाला कारण नव्हतं असं म्हणता येत नाही. पण त्यानंतर बहुतेक ठिकाणी डोक्यावरचा हात तेवढा उरला.

नगरपासून नवापूरपर्यंत

बादली कोणाच्या हातात द्यायची हा प्रश्न महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात नव्याने आला, आणि पुन्हा भाषेच्याच रूपात आला. अमेरिकन मराठी मिशनने 1833 साली अहमदनगरला मंडळी स्थापन केली. तिचे पाळक होते अमेरिकन. मराठी माणसांच्या मंडळीला मराठी पाळक मिळायला दोन दशकं लागली. 1854 साली हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना दीक्षा देऊन नगरच्या मंडळ्या त्यांच्या हाती सोपवल्या गेल्या. हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकेतल्या बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन त्याच सुमारास भारतात आले होते. मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण भागवावा आणि आपला प्रसार आपण करावा, या त्रिसूत्रीचे ते पुरस्कर्ते होते. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही याच मिशनमध्ये दीक्षा घेतली, आणि 1917 साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' ही स्वतःची वाट काढली. परक्याच्या ओगराळ्याने वाढलेलं अन्न पोट भरत असलं तरी घरचं वाटत नाही, ही त्यांची तगमग होती असं मला वाटतं.

खानदेशात, विशेषतः आजच्या धुळे-नंदुरबार भागात, स्कँडिनेव्हियन वळणाची मिशनं आली. स्वीडनमध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक फ्रान्सन यांनी 1890 साली शिकागोत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन उभं केलं होतं. नंदुरबारची एस. ए. मिशन शाळा आणि नवापूर तालुक्यातलं चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल ही नावं या भागात मिशनांच्या कामाची आठवण देतात. 1970 साली नागपूरला अनेक प्रॉटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. तिथे डिकनची दीक्षा बिशप देतात, आणि ती सहसा पूर्ण पाळकदीक्षेच्या आधीची पायरी असते. कॅथलिकांतही गुरुदीक्षेआधी डिकनपद येतं. जळगाव-धुळ्याचे कॅथलिक 1987 साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात मोडतात. अलायन्स वळणाच्या मंडळ्यांत मात्र वडील आणि डिकन बहुधा मंडळीतलेच असतात. कोणी शिक्षक, कोणी नर्स, कोणी एसटीतला कंडक्टर. वार्षिक सभेत त्यांची नावं सुचवली जातात.

धुळे जिल्ह्यातल्या अशा एका सभेला मी पाहुणा म्हणून मागच्या सतरंजीवर बसलो होतो. हिशेब वाचून झाला, चहा फिरला आणि डिकनसाठी नावं आली. एका निवृत्त मास्तरांचं नाव सुचवताच निम्मे हात वर झाले. मास्तर उठले, चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाले, "माझ्याबद्दल तुम्हाला आदर आहे, तो राहू द्या. पण नवापूरकडून कामाला आलेली जी घरं गेल्या दोन वर्षांत आपल्यात आली, त्यांच्या घरी मी गेलो तर त्या माउल्या नुसत्या मान हलवतात. मला मावची येत नाही." मग त्यांनी दाराजवळ उभ्या असलेल्या, गवंडीकाम करणाऱ्या एका तरुणाकडे बोट केलं. तो बिचारा गोंधळून मागे सरकला. हिशेबाची वही आपल्याला जमणार नाही, असं काहीतरी पुटपुटला.

"वही मी लिहीन," मास्तर म्हणाले. "तू घरं फिर."

पुढच्या महिन्यात त्या तरुणाचा दीक्षाविधी झाला. पाळकसाहेबांसोबत वडील मंडळीही हात ठेवायला पुढे आली. नंतर आवारात पंगत बसली, तेव्हा तो टॉवेल खांद्यावर टाकून बट्ट्यांची पाटी घेऊन निघाला आणि नळाजवळच्या शेवटच्या ओळीपासून वाढायला लागला. तिथे बसलेल्या बायकांशी तो काय बोलला ते मला कळलं नाही. मावची मलाही येत नाही.